चुडीची फणी

आजोबांची जी एकच वस्तू माझ्या वाट्याला आली, ती साबणाच्या पत्र्याच्या डबीत होती. चाकूप्रमाणे मिटणारी पोलादी मूठ, तिच्या दोन्ही टोकांतून पंख्यासारख्या उघडणाऱ्या पातळ पात्या आणि प्रत्येक पातीच्या कडेला करवतीसारखे बारीक दात. पात्यांवर 8, 10, 12, 16, 20 असे आकडे कोरलेले. मुठीवर ‘व्हिटवर्थ’ हे नाव आणि 55 अंशांची खूण. डबीत सोबत एक गंजलेला बोल्ट होता.

आजोबांनी झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालविली. ह्या वस्तूला ते ‘चुडीची फणी’ म्हणत. त्यावर आजी म्हणे, “माझ्या बांगड्यांना कशाला हवी फणी?” हा त्या दोघांतला जुना विनोद आहे, एवढेच आम्हां नातवंडांना कळे. आजोबा 2009 साली गेले. पुढे सात वर्षांनी घर विकले, तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला वजनावर दिली. सामानाची यादी करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, कारण घरात कारकून मीच. त्या यादीत मी स्वहस्ते लिहिले : ‘जुने लोखंड, पेटी एक.’ डबी तेवढी खिशात टाकली, तीही केवळ गंमत म्हणून.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात एका दुकानापाशी उभा होतो. दुकानदाराने हातातला बोल्ट फिरवून बाजूला फेकला आणि म्हणाला, “इसकी चूड़ी मर गई है.” मी थबकलोच. उत्तरेत बोल्टाच्या आट्यांना चुडी म्हणतात! झाशीत जन्मून, मराठी घरात वाढून, त्या शब्दाचा हा अर्थ माझ्या कानांवरून नुसता वाहून गेला होता. आजोबांची फणी बांगड्यांची नव्हती, आट्यांची होती.

घरी येऊन फूटपट्टी घेतली. 16 आकड्याच्या पातीवर अर्ध्या इंचात आठ दात भरले, 20 च्या पातीवर दहा. म्हणजे आकडा होता एका इंचातील आट्यांचा. मग घरातले बोल्ट एकेक करून लावून पाहिले. दहा मिलिमीटरच्या आजच्या बोल्टावर 16 ची पाती दोन-तीन दात बसे आणि पुढे चढे. 18 चीही तीच गत. अखेरीस डबीतलाच बोल्ट घासून स्वच्छ केला. त्याची जाडी भरली तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच. त्यावर 16 ची पाती ठेवून दिव्यासमोर धरली. दात घळींत असे बसले की प्रकाशाची रेघदेखील पलीकडून आली नाही.

मुठीवरचे नाव जोसेफ व्हिटवर्थ ह्यांचे. 1803 साली इंग्लंडातील स्टॉकपोर्ट येथे जन्मलेला हा कारागीर लंडनला हेन्री मॉडस्ले ह्यांच्या कारखान्यात शिकला आणि पुढे मँचेस्टरला त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे. यंत्र मोडले की जोडीचा तुकडा नव्याने घडवावा लागे. व्हिटवर्थने नवे काही कल्पिले नाही. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्यांच्या दोन बाजूंतील कोन सरासरीने 55 अंश आला, तोच त्याने कायम केला. पाव इंच जाडीला इंचात वीस आटे, तीन सुतांना सोळा, अर्ध्या इंचाला बारा, एक इंचाला आठ. 1841 साली त्याने ही पद्धत लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. सर्वांच्या सवयींतून निघालेला हा मध्यम मार्ग आगगाड्यांच्या कारखान्यांनी उचलला. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, आणि पुढे विलायती इंजिनांबरोबर हे आटेही हिंदुस्थानात आले.

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. 1864 साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स ह्यांनी 60 अंशांचा कोन आणि सपाट माथ्याचे आटे सुचविले. गंमत अशी की तीन सुती बोल्टाला तेथेही सोळाच आटे. नुसते मोजले तर फरक कळत नाही, नट फिरतोही. परंतु कोन जुळत नाही, म्हणून आटे एकमेकांना अंगभर टेकत नाहीत, आणि हादऱ्याने सांधा सैल होण्याचे भय राहते. मुठीवरील 55 ही खूण कशासाठी, हे येथे उमगते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना हा भेद फार नडला. 1948 साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा ह्यांनी एकच पद्धत मान्य केली. कोन ठरला 60 अंश. 1965 साली ब्रिटिश मानक संस्थेने व्हिटवर्थचे आटे नव्या कामासाठी वापरू नयेत असे सांगितले.

आपल्याकडे 1956 साली वजन-मापांचा कायदा झाला आणि मेट्रिक पद्धती आली. दशमानाचा तो निर्णय योग्यच होता. परंतु कायदा होताच जुनी इंजिने मिलिमीटरची होत नाहीत. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने 1995 पर्यंत चालली. त्या मधल्या काळात एकाच कारखान्यात दोन मापे नांदत होती, आणि हाती आलेला बोल्ट कोणत्या कुळातला हे ओळखूनच नट लावावा लागे. दिसायला सारखा म्हणून चुकीचा नट जोराने पिळला, तर दोघांचेही आटे जातात. ते ओळखण्याचे साधन म्हणजे ही फणी. आजोबा 1988 साली निवृत्त झाले, तोवर त्यांची नोकरी ह्या दोन मापांच्या सीमेवरच गेली.

त्यांच्या पेटीत ह्या फणीच्या जोडीचे पाने असतील, आटे पाडायची हत्यारेही असतील. कारण मोजण्याचे साधन ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे ते घडविण्याचेही असते. ते सारे मी ‘जुने लोखंड’ ह्या दोन शब्दांत बसविले. ती यादी अजून माझ्याकडे आहे. परवा ती काढली आणि तिच्याखाली एक ओळ वाढविली : ‘आटे मोजावयाची फणी, व्हिटवर्थ, 55 अंश, नग एक, सोबत तीन सुती बोल्ट, नग एक.’ यादीतील एवढीच नोंद आता बरोबर आहे.