एजन्सी सुटल्यावरची बेडी



विम्याचा एजंट आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. तो फाटकाशीं दिसला कीं घरांतील कर्ता मनुष्य आंतल्या खोलींत जातो आणि ‘बाबा घरीं नाहींत’ एवढें वाक्य पढवून मुलास पुढें पाठवितो. एजंट रागावत नाहीं. तो मुलाची इयत्ता विचारतो, पाठीवरून हात फिरवितो, आणि पुढच्या रविवारीं पुन्हां येतो. आम्हां शिक्षकांच्या घरीं तर त्याचा राबता विशेष. मास्तराचा पगार थोडा असला तरी ठरल्या तारखेस होतो, म्हणून हप्ता फेडणारें गिऱ्हाईक या नात्यानें पेढीवाल्यापेक्षां तोच अधिक भरंवशाचा समजला जातो.

अशा रीतीनें दहापंधरा वर्षें दारोदार हिंडून हा मनुष्य शेंदोनशें कुटुंबांचा विश्वास संपादन करतो. पुढें कधीं तरी त्याचें कंपनीशीं बिनसतें, अथवा दुसरी कंपनी अधिक कमिशन देऊं करते, आणि तो जावयास निघतो. तेव्हां जुनी कंपनी कपाटांतून एक कागद बाहेर काढते. त्यावर त्याचीच सही असते. एजन्सी सुटल्यावर अमुक वर्षें, अमुक मैलांच्या आंत, मी हा धंदा करणार नाहीं, आणि तुमच्या विमेदारांच्या दारीं जाणार नाहीं, असें त्यांत लिहिलेलें असतें. हा कागद त्याला बांधतो काय? आणि तीं शेंदोनशें कुटुंबें कंपनीचीं म्हणावयाचीं कीं त्याचीं?

या प्रश्नाचा इतिहास सहाशें वर्षांहून जुना आहे, आणि तो एका रंगाऱ्यापासून सुरू होतो. इ. स. १४१४ मध्यें इंग्लंडांत जॉन डायर नांवाच्या कापड रंगविणाऱ्या इसमानें त्याच गांवांत सहा महिने आपला धंदा करणार नाहीं असें लिहून दिलें होतें. त्या कागदावरून दावा उभा राहिला तेव्हां न्यायमूर्ति हल इतके खवळले कीं त्यांनीं भर न्यायालयांत फ्रेंच भाषेंत देवाची शपथ घेतली, आणि वादी येथें हजर असता तर राजाचा दंड भरीपर्यंत मीं त्याला तुरुंगांत ठेवलें असतें, असें बजावलें. हा संताप समजून घ्यावयाचा तर त्या काळाकडे पाहिलें पाहिजे. १३४८ च्या महामारीनें इंग्लंडांतील मनुष्यबळ फार घटलें होतें, आणि धडधाकट माणसानें रिकामें राहूं नये असा १३५१ चा कायदाच होता. शिवाय उमेदवारी करून जो एक धंदा हातीं आला, त्यावांचून दुसरा करण्याची कारागिरास सोय नव्हती. त्याला त्या धंद्यापासून तोडणें म्हणजे त्याच्या घरची चूल विझविणें होय.

पुढें व्यापार वाढला तशी ही कडक दृष्टि सैल झाली. १७११ सालीं लंडनच्या एका भटारखान्याचा वाद न्यायालयांत आला. रेनॉल्ड्स या पाववाल्यानें आपली जागा भाडेपट्ट्याच्या उरलेल्या पांच वर्षांपुरती मिचेल यास दिली, आणि तेवढ्या मुदतींत त्याच पेठेंत भट्टी लावणार नाहीं असा पन्नास पौंडांचा कतबा लिहून दिला. न्यायाधीश पार्कर यांनीं हा करार योग्य ठरविला. विकत देणाऱ्यानें दुसऱ्या दिवशीं शेजारींच दुकान मांडलें तर घेणाऱ्यानें पैसे कशासाठीं मोजले, हा प्रश्न खराच आहे. १८९४ सालीं तर नॉर्डेनफेल्ट या तोफांच्या कारखानदारानें पंचवीस वर्षें साऱ्या जगांत तो धंदा न करण्याचें दिलेलें वचनही तेथील सर्वोच्च न्यायासनानें उचलून धरलें. त्याला कारखान्यापोटीं २,८७,५०० पौंड मिळालेले होते, हें मात्र विसरूं नये.

आमच्या एजंटास असे पौंड कोणी दिलेले नसतात. त्याच्याशीं खरें नातें सांगणारा निवाडा १९१३ चा. लंडनमध्यें धंदा करणारी प्रॉव्हिडंट क्लोदिंग या नांवाची एक कंपनी होती. तिचे लोक घरोघर जाऊन गरीब कुटुंबांस कापडचोपडाच्या चिठ्ठ्या देत आणि आठवड्याच्या आठवड्यास हप्ते गोळा करीत. इस्लिंग्टन या एका भागांत फिरणाऱ्या अशाच एका माणसाकडून कंपनीनें लिहून घेतलें होतें कीं, नोकरी सुटल्यावर तीन वर्षें लंडनपासून पंचवीस मैलांच्या आंत तो असलें काम करणार नाहीं. काम एका पेठेचें, आणि बंदी साऱ्या महानगराची! उमरावांच्या सभेनें हा करार मोडून काढला. मालकानें आपलीं गिऱ्हाइकें व आपलीं गुपितें राखावीं, तेवढा त्याचा हक्क. परंतु नोकराच्या अंगीं आलेलें कसब, त्याची जीभ, त्याची चिकाटी यांवर मालकी सांगूं नये, हा विचार त्या निकालानंतर तीनच वर्षांनीं दुसऱ्या एका दाव्यांत अधिक स्पष्टपणें मांडला गेला. इंग्लंडचा कायदा त्याच वाटेनें चालत आला आहे. बंदी वाजवी असेल तर टिकते, अवाजवी असेल तर पडते. आणि वाजवी कोणती हें प्रत्येक वेळीं न्यायाधीश ठरवितात.

हिंदुस्थानानें मात्र दुसरी वाट धरली, आणि तिची हकीकत मोठी मौजेची आहे. न्यूयॉर्कचे डेव्हिड डडली फील्ड हे नामांकित कायदेपंडित होते. साऱ्या दिवाणी कायद्याची एकच सुसंगत संहिता करावी या ध्यासानें त्यांनीं न्यूयॉर्क राज्यासाठीं एक मसुदा तयार करविला. धंद्यास अडकाव करणारा प्रत्येक करार, तेवढ्यापुरता, रद्दबातल समजावा, असें त्यांत एक कलम होतें. न्यूयॉर्कनें ती संहिता कधींच स्वीकारली नाहीं. पण घरीं नाकारलेलें हें अपत्य दोन परक्या घरीं दत्तक गेलें, आणि तेंही एकाच वर्षीं. १८७२ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियानें तें घेतलें, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत हिंदुस्थानच्या कराराच्या कायद्यांत तें २७ वें कलम होऊन बसलें. चालतें दुकान त्याच्या नांवलौकिकासह विकणाऱ्यापुरता आणि भागीदारांपुरता अपवाद ठेवला, बाकी सर्वांस मोकळीक. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासारख्या इंग्रज पंडितांस हें कलम मुळींच आवडलें नाहीं. एक अपुरा मसुदा घाईनें उचलला, असा त्यांचा आक्षेप. माझ्या अल्प मतीस मात्र असें वाटतें कीं, ज्या देशांत न वाचतां सही करण्याची चाल आहे, त्या देशास हें कलम शोभून दिसलें.

कायदा नवा असतांनाच, १८७४ सालीं, कलकत्त्यास त्याची कसोटी लागली. माधवचंद्र परामाणिक व राजकुमार दास हे एकाच भागांतील दोन चढाओढीचे व्यापारी. माधवचंद्रानें त्या भागांतलें आपलें दुकान बंद करावें, आणि त्यानें कारागिरांस जी आगाऊ रक्कम दिली होती ती राजकुमाराच्या पक्षानें भरून द्यावी, असें ठरलें. माधवचंद्रानें दुकान बंद केलें. पैसे मात्र मिळाले नाहींत. तो न्यायालयांत गेला. त्याच्या वकिलांचें म्हणणें असें कीं, कलमाचा रोख संपूर्ण बंदीवर आहे, एका पेठेपुरत्या बंदीवर नव्हे. मुख्य न्यायमूर्ति सर रिचर्ड काउच यांनीं लगतचें २८ वें कलम पुढें घेतलें. तेथें ‘सर्वस्वीं’ या अर्थाचें क्रियाविशेषण आहे, २७ व्यांत तें नाहीं. तेव्हां थोडी बंदीही बंदीच. सबब करार रद्द, आणि माधवचंद्राचे पैसे बुडाले! व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांस एका क्रियाविशेषणाची ही किंमत सांगण्याजोगी आहे. परंतु त्या दुकानदाराचा विचार मनांत आला म्हणजे वाईट वाटतें. ज्या कायद्यानें दुर्बलाचें रक्षण करावयाचें, त्याच्या पहिल्याच मोठ्या निवाड्यांत वचन पाळणारा बुडाला आणि न पाळणारा सुटला.

यानंतर निकालांची रीघ लागली. १८७६ मध्यें मद्रासच्या एका पेढीनें नोकरास शहरापासून आठशें मैलांच्या आंत काम करावयाचें नाहीं असें बांधलें होतें. तें टिकलें नाहीं. १८८५ मध्यें आसामच्या चहामळ्यांचा तसाच एक करार कलकत्त्यास पडला. १८९८ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें झांजिबारच्या एका डॉक्टराची फिर्याद आली. त्याच्या हाताखालच्या डॉक्टरानें तीन वर्षें नोकरीचा करार केला आणि मुदत संपण्यापूर्वींच स्वतःचा दवाखाना थाटला. तेथें न्यायालयानें मुदत संपेपर्यंत मनाई हुकूम दिला. येथून एक सीमारेषा पक्की झाली : कराराच्या मुदतीच्या आंत धन्याचेंच काम करीन हें वचन चालतें, मुदतीनंतरची बेडी चालत नाहीं.

आतां विम्याकडे वळूं. १८१८ मध्यें कलकत्त्यास ओरिएंटल कंपनी निघाली, १८७० मध्यें बॉम्बे म्युच्युअल, आणि स्वदेशीच्या लाटेनंतर तर गांवोगांव कंपन्या उभ्या राहिल्या. आमच्या साताऱ्यासही १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. कंपन्या अनेक, म्हणून एजंटांची ओढाताणही फार. अशा वेळीं २७ व्या कलमामुळें बेडी घालतां येईना, तेव्हां दुसरी युक्ति निघाली. ती अधिक सूक्ष्म आहे, आणि एजंटाच्या पोटाशीं तिचा थेट संबंध आहे, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों.

एजंटास पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मोठें कमिशन मिळतें. पुढें विमेदार हप्ते भरीत राहील तोंवर दर वर्षीं थोडें थोडें. त्याला रिन्युअल कमिशन म्हणतात. १९५० च्या दुरुस्तीनें त्यांची कमाल मर्यादा सामान्यतः पहिल्या वर्षीं ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं साडेसात, आणि त्यापुढें पांच टक्के अशी घातली. वार्षिक शंभर रुपये हप्त्याचे चारशें विमे एखाद्यानें मिळविले असतील, तर पांच टक्क्यांनीं त्याला घरबसल्या सालीना दोन हजार रुपये येतात. हेंच त्याचें पेन्शन. आतां करारांत एवढेंच लिहिलें कीं, एजन्सी सुटली म्हणजे हें कमिशन बंद, तर त्या माणसास कोठेंही जाण्याची मनाई नाहीं. तो पूर्णपणें मोकळा आहे. फक्त गेला तर पंधरा वर्षांची पुंजी मागें टाकून जातो. दाराला कुलूप नाहीं, पण उंबऱ्याबाहेर खड्डा खणलेला आहे!

१९३८ च्या विमा कायद्याच्या ४४ व्या कलमानें या खड्ड्यावर फळी टाकली. केवळ एजन्सी सुटली एवढ्याच कारणानें, फसवणूक नसतां, रिन्युअल कमिशन अडवूं नये, मग करारांत कांहींही लिहिलेलें असो. पण फळी सर्वांसाठीं नव्हती. पुढें या कलमाचें जें रूप झालें त्यांत दोन वाटा होत्या. पहिली : एजंटानें निदान पांच वर्षें सलग एकाच कंपनीचें काम केलेलें असावें, आणि सोडण्याच्या एक वर्ष आधीं त्यानें मिळविलेले किमान पन्नास हजारांचे विमे चालू असावेत, मग त्याला चार टक्क्यांपर्यंत कमिशन मिळावें. दुसरी : दहा वर्षें एकनिष्ठ सेवा झालेली असावी, आणि सोडल्यावर त्यानें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें दुसऱ्या कोणासाठीं विमे मिळवूं नयेत. म्हणजे जी अट खाजगी करारांत घातली तर कायदा ती रद्द ठरवितो, तीच अट खुद्द कायद्यानें या दुसऱ्या वाटेवर पहाऱ्यास बसविली! तरीही कलम एकंदरींत उपकारकच होतें, असें मी म्हणेन. एजंट मृत्यु पावला तर त्याचें कमिशन वारसांस मिळावें, अशीही त्यांत तरतूद होती, आणि तिच्यावर कित्येक विधवांचे संसार चालले असतील.

१९५६ मध्यें सारा चित्रपटच पालटला. १९ जानेवारीच्या वटहुकुमानें आयुर्विमा सरकारच्या हातीं आला. २४५ कंपन्या व संस्था एक होऊन १ सप्टेंबरपासून आयुर्विमा महामंडळ सुरू झालें. जावयास दुसरी कंपनीच उरली नाहीं, तेव्हां जाण्याची भांडणेंही निजलीं, आणि २००० सालीं खाजगी कंपन्यांस पुन्हां परवाने मिळेपर्यंत निजून राहिलीं. इतर धंद्यांत मात्र कज्जे चालूच होते. १९६७ मध्यें कल्याणजवळच्या एका रेयॉन कारखान्याच्या नोकरास, पांच वर्षांच्या कराराच्या मध्येंच प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयानें मुदतीपुरतें रोखलें. १९८० मध्यें दिल्लीच्या एका शाखा-व्यवस्थापकावरची, नोकरीनंतरच्या दोन वर्षांची बंदी मात्र मोडली. २००६ मध्यें तर आमच्या श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या कराराची अशीच एक उत्तरक्रिया २७ व्या कलमाखालीं गेली. मधल्या काळांत, १९५८ सालीं, विधि आयोगानें वाजवी बंदीस परवानगी द्यावी अशी शिफारस केली होती. ती फळास आली नाहीं.

कागदपत्रांची गोष्ट वेगळी. जातांना एजंटानें कंपनीच्या दप्तरांतील विमेदारांची यादी उतरवून नेली, तर ती त्याच्या ओळखीची कमाई म्हणतां येणार नाहीं, आणि न्यायालयें त्याला रोखूं शकतात. डोक्यांत राहिलेलीं नांवें व वहींत उतरविलेलीं नांवें यांत कायदा फरक करतो. ज्याची स्मरणशक्ति चांगली तो येथें सुदैवी.

ज्या अमेरिकेंतून आमचें कलम आलें, तेथें आजही एकवाक्यता नाहीं. कॅलिफोर्नियानें आपलें १८७२ चें धोरण २००८ च्या निकालानें पुन्हां घट्ट केलें. उलट टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें विम्याच्याच एका बड्या दलाल कंपनीच्या बाजूनें कौल दिला. नोकरास कंपनीचे भाग सवलतीनें घेण्याचा हक्क दिला असेल, तर त्याच्या मोबदल्यांत जुन्या गिऱ्हाइकांकडे न जाण्याचा करार बंधनकारक होऊं शकतो, असें तें म्हणालें. २०२४ च्या एप्रिलांत तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगानें असले बहुतेक करार देशभर रद्द करणारा नियम केला. ऑगस्टमध्यें डॅलसच्या न्यायालयानें तो अंमलांत येण्यापूर्वींच रद्द केला, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत आयोगानें अपीलही सोडून दिलें. त्यामुळें तेथें एजंटानें सही केलेला कागद त्याला बांधतो कीं नाहीं, हें तो कोणत्या राज्यांत राहतो त्यावर ठरतें.