उपोसथातील व्यत्यय आणि राजदंडाची मर्यादा

धर्मकार्यासाठी जमलेल्या सभेत व्यत्यय आणणाऱ्यास कोणते शासन करावे, हा प्रश्न आधुनिक कायद्याने प्रथम उपस्थित केलेला नाही. पालि वाङ्मयात आणि अशोकाच्या लेखांत त्याचा विचार पूर्वीच झालेला आहे.

चुल्लवग्गात श्रावस्तीच्या पूर्वारामातील प्रसंग आहे. उपोसथाची रात्र सरत आली, तरी परिषद परिशुद्ध नसल्याने भगवंतांनी पातिमोक्खाचा उच्चार केला नाही. तेव्हा महामोग्गल्लानांनी त्या दुःशील व्यक्तीस तीनदा उठण्यास सांगितले. ती उठेना, म्हणून हाताला धरून बाहेर काढले व दाराला अडसर लावला. ताडन नाही, बंधन नाही, केवळ बहिष्करण. संघात फूट पाडू पाहणाऱ्या भिक्खूलाही विनय तीनदा समज देतो आणि त्यानंतरच संघादिसेस दोष लावतो.

महावंस आणि समन्तपासादिका यांतील कथा याहून दारुण आहे. लाभसत्कारासाठी संघात शिरलेल्या अन्यतीर्थिकांमुळे अशोकारामात सात वर्षे उपोसथ झाला नाही. तो करवून घेण्यास राजाने अमात्य पाठविला. भिक्खू नकार देताच अमात्याने त्यांची मस्तके उडविली. ‘हे पाप कोणाचे?’ या अशोकाच्या व्याकुळ प्रश्नाला मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी उत्तर दिले, की चेतनेवाचून पापकर्म होत नाही. पुढे राजाने अन्यतीर्थिकांस श्वेतवस्त्रे देऊन संघाबाहेर घालविले, तेव्हाच उपोसथ पार पडला. ही कथा अशोकानंतर अनेक शतकांनी ग्रथित झाली. तिचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून आम्ही स्वीकारत नाही. परंतु सारनाथ, सांची व कौशांबी येथील लेख अशोकाचेच आहेत. संघभेद करणाऱ्या भिक्खू-भिक्खुणीस श्वेतवस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, हीच शिक्षा त्यांत आहे. सारनाथच्या लेखात तर ही आज्ञा उपासकांनी व महामात्रांनी दर उपोसथाला जाऊन जाणून घ्यावी, असेही सांगितले आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम २९६ हेच कार्य वेगळ्या मार्गाने करीत होते. कायदेशीरपणे पूजा वा धार्मिक विधी करणाऱ्या जमावात स्वेच्छेने व्यत्यय आणणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, द्रव्यदंड अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० मध्ये तीच तरतूद आहे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द येथे मोलाचा आहे. कर्त्याचा हेतू अथवा त्याची जाणीव पाहिल्याशिवाय अपराध ठरत नाही. थेरांच्या चेतनाविचाराशी त्याचे साम्य लक्षणीय आहे.

हा कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. विहारातील बुद्धवंदना असो वा अन्य कोणाची प्रार्थना, संरक्षण समान आहे. आमच्या वंदनेत कोणी उपद्रव केल्यास या कलमाचा आधार घेणे हा आमचा हक्क आहे, आणि इतरांच्या प्रार्थनेत उपद्रव न करणे हे त्याच हक्काचे दुसरे अंग आहे. परंतु अमात्याची तलवार सात वर्षे थांबलेला उपोसथ घडवू शकली नाही, हे विसरता कामा नये. राजदंड दाराबाहेरील उपद्रव थांबवितो. दाराआतील एकोपा उपासकांनीच राखावयाचा असतो.