सुप्याची होळी आणि इंदापूरची जमाबंदी

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस सुपें या बाजाराच्या गांवीं भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हें गांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें. आतां तें बारामती तालुक्यांत मोडतें. वह्या व कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी करण्यांत आली.

जळालेल्या कागदांची साक्ष कोठून मिळणार? अभ्यासकाला पुण्याचीच वाट धरावी लागते. भारत सेवक समाजाच्या १९०५ मधील ग्रंथसंग्रहांतून वाढलेलें, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचें धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी अहवालांसाठीं प्रसिद्ध आहे. दंग्याच्या चौकशी आयोगाच्या अहवालाचा मुख्य रोख सावकारांवर आहे. सरकारी साऱ्यास तो फारसा दोष देत नाहीं. आयोग सरकारनेंच नेमलेला होता, हें मात्र विसरूं नये.

म्हणून त्या अहवालाशेजारीं लगतच्या इंदापूर तालुक्याच्या जमाबंदीचे कागद ठेवावेत. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो याच्या सिद्धांतास अनुसरून प्रिंगलसाहेबांनीं ठरविलेला सारा रयतेस झेपला नाहीं; जमिनी ओस पडल्या. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी मोजणी केली आणि १८३६ मध्यें ३० वर्षांसाठीं हलका सारा बसला. अमेरिकेंतील यादवीनें कापूस महागला होता. मुदत संपतांच दर पुष्कळ वाढविले गेले. पुढें भाव कोसळले, आणि वाढीव साऱ्याचा हप्ता भरण्यासाठीं रयत पुन्हां सावकाराच्या दारीं गेली.