वॉटसन्स हॉटेल : बाह्यरूपातील बदल आणि वारसा नियमावलीची मर्यादा

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन ही वास्तू मूळची वॉटसन्स हॉटेल होय. रोलंड मेसन ऑर्डिश यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडमध्ये घडविलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा येथे आणून १८६० च्या दशकात तिची उभारणी झाली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. उघडे लोखंडी खांब व खुले सज्जे हे तिचे बाह्यवैशिष्ट्य. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे विभाजन होऊन त्या भाड्याने गेल्या आणि दर्शनी भागाचे रूप पालटत गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे मुंबईतील जुन्या इमारतींची दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली होती.

१९९५ च्या वारसा नियमावलीने सूचीबद्ध वास्तूंमधील बदलांसाठी महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. तथापि २००५ मध्ये या वास्तूच्या सज्ज्यांचा काही भाग कोसळला. केलेल्या बदलास परवानगी लागते. झीज मात्र विनापरवाना चालू राहते. सबब, बदलांवरील नियंत्रणाबरोबरच न झालेल्या दुरुस्तीचे उत्तरदायित्व निश्चित केल्याखेरीज वारसा-जतनाचा हेतू सफल होणार नाही.