तोडणीचा दिवस कोणाचा? मॉरिशस आणि जपानची ऊसबेटे

आपल्या पूर्वजांच्या करारात वर्षे लिहिलेली असत, पगार लिहिलेला असे, शिधाही लिहिलेला असे. पाच वर्षे, पुरुषाला महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, मीठ, तेल. ऊस कोणत्या दिवशी तोडायचा, हे मात्र त्यात कोठेही नसे. तो दिवस मालक ठरवी. गिरमिटाचा जाच समजून घ्यायचा असेल तर या एका गोष्टीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. आणि खरे सांगायचे तर ती मला आपल्या बेटाच्या इतिहासात नव्हे, जपानच्या दक्षिणेकडील बेटांचा इतिहास वाचताना उमगली.

जपान म्हटले की आपल्याला भात आणि मोटारी आठवतात. पण ओकिनावा आणि अमामी या द्वीपसमूहांत गेली चारशे वर्षे उसाचे राज्य आहे. 1623 साली गिमा शिंजो या अधिकाऱ्याने चीनच्या फुजियान प्रांताकडून साखर करण्याची रीत तेथे आणविली. ती बेटे विषुववृत्ताच्या उत्तरेला, आपण दक्षिणेला. म्हणून आपल्याकडे जूनमध्ये सुरू झालेली तोडणी डिसेंबरात आटोपते, आणि साधारण त्याच सुमारास तेथील कारखाने पेटू लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत ते चालतात.

उसाचे वेळापत्रक तरी काय असते? पाऊस आणि ऊब असेपर्यंत ऊस वाढतो, आणि वाढीसाठी आपली साखर आपणच खातो. हवा कोरडी व थंड झाली की वाढ मंदावते आणि साखर पेरांत साठू लागते. ती बुडख्याकडून शेंड्याकडे भरत जाते, म्हणून खालची कांडी गोड आणि वाढ्याजवळची पाणचट लागते. लवकर तोडला तर वजन मिळते पण उतारा पडतो. उशीर केला, तुरा येऊन बरेच दिवस गेले, तर ऊस पोकळ होतो, वजन घटते, साखरही उतरते. शिवाय उशिरा तोडलेल्या शेतातला खोडवा मागे पडतो, म्हणजे एका वर्षाची चूक पुढच्या वर्षी भोगावी लागते. ओकिनावात उन्हाळ्यात लावून दीड वर्षाने तोडायचा, वसंतात लावून एका वर्षात तोडायचा आणि खोडव्याचा, असे तीन प्रकारचे ऊस असतात. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. तो त्यांना आडसाली, सुरू आणि खोडवा म्हणतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उभा ऊस काही आठवडे थांबू शकतो, तोडलेला थांबत नाही. कोयता लागला की उसातीलच विकरे साखरेचे विघटन करू लागतात. त्यातून जी साखर होते तिचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. उन्हात पडलेला ऊस सुकून हलका होतो, आणि कापलेल्या तोंडांतून जंतू शिरून रस चिकट करतात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत चरकात गेला पाहिजे. माझ्या वडिलांच्या ऊसगाड्या एकदा एका कारखान्याच्या दारात तीन दिवस उभ्या होत्या. मोळ्यांना आलेला आंबूस वास मला अजून आठवतो. त्या वर्षी हाती काय आले, हे त्यांनी आईलासुद्धा सांगितले नाही.

आता पूर्वजांकडे वळू. कारखान्याला हंगामात रोज ठरावीक ऊस हवा, ना कमी ना जास्त. म्हणजे रोज ठरावीक माणसे फडात हवीत. एक टोळी आली नाही की चरक रिकामा फिरतो आणि भट्टी फुकट जळते. ही अडचण खरी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण तिचा सगळा भार मजुराच्या अंगावर टाकला गेला. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, हा तो कुप्रसिद्ध दुहेरी कापाचा नियम. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही परवाना आणि छायाचित्र खिशात बाळगावे लागे. नसेल तर तो भटक्या ठरून तुरुंगात जाई. 1871 मध्ये अदोल्फ द प्लेविट्झ यांनी हजारो सह्यांचा अर्ज राज्यपालांकडे नेला, तेव्हा कुठे चौकशी आयोग नेमला गेला. सरकारी कागदांत आपल्या माणसांना आळशी, पळपुटे म्हटलेले आढळते. ते वाचताना तोडणीच्या दिवसांत ताप आलेल्या माणसाचे काय झाले असेल, एवढे ध्यानात ठेवावे.

जपानच्या अमामी बेटांवर ही कथा आपल्या आधीची आहे. 1609 च्या स्वारीनंतर ती बेटे सात्सुमा सरदारांकडे गेली. कर्जात बुडालेल्या या संस्थानाने 1830 पासून तेथील सगळी साखर आपणच घ्यायची असे ठरविले आणि ती ओसाकाच्या बाजारात विकून तिजोरी भरली. शेतकरी आपल्या गुऱ्हाळासारख्या चरकावर जनावर जुंपून रस काढीत आणि काळी साखर करीत, पण ती चाखली तरी फटके बसत. चोरून विकणाऱ्याला मृत्युदंड होता. साखर हलकी निघाली तरी शिक्षा, आणि ऊस तोडताना बुडखा उंच राहिला तरी शिक्षा. वर सांगितलेच आहे की सर्वांत गोड कांडी जमिनीलगत असते. शास्त्र बरोबरच होते, पण ते चाबकाने शिकविले जात होते. तेथील लोक त्या काळाला ‘काळ्या साखरेचा नरक’ म्हणतात.

तोकुनोशिमा बेटावर इनुताबू नावाचे गाव आहे. तेथे 1864 साली एका वृद्ध शेतकऱ्याची साखर अधिकाऱ्यांनी उभे पीक पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी भरली. त्याने ती लपविली असा आळ आला. त्याच्याऐवजी त्याचा एक नातलग चौकशीला उभा राहिला आणि त्याला छळण्यात आले. तेव्हा सुमारे दीडशे गावकरी काठ्या घेऊन चालून गेले. पुढाऱ्यांना हद्दपार केले गेले. उभ्या पिकाचा अंदाज आणि हाती आलेली साखर यांत अंतर पडते हे कोणताही शेतकरी जाणतो. एखादे वादळ, आठ दिवस लांबलेली तोडणी, अवेळी पाऊस, एवढे त्याला पुरते.

पुढे याच बेटांतली माणसे आपल्यासारखीच बाहेर पडली. जपानचे करारबद्ध मजूर 1885 पासून हवाईच्या ऊसमळ्यांत तीन-तीन वर्षांच्या कराराने जात होते. जानेवारी 1900 मध्ये ओकिनावाचे पहिले 26 जण तेथे पोहोचले. त्याच महिन्यात हाचिजो बेटावरची 23 माणसे ओकिनावाच्या पूर्वेकडील निर्जन मिनामी-दाइतो बेटावर उतरली. त्यांना पाठविणारे तामाओकी हानएमोन हे पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापारात श्रीमंत झालेले गृहस्थ. बेट कंपनीचे झाले. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, दुकान कंपनीचे, आणि मजुरीही कंपनीने छापलेल्या कागदांत मिळे. हाचिजोची कुटुंबे कुळे होती आणि ओकिनावाहून आलेले मजूर त्यांच्या हाताखाली राबत. कंपनी दोनदा विकली गेली, तिच्याबरोबर बेटही विकले गेले.

तीस वर्षे कसल्यावर जमीन तुमची, असे आपल्या वाडवडिलांना सांगितले होते, हे कुळांची मुले विसरली नाहीत. कागद नव्हता, तोंडचा शब्द होता. युद्धानंतर त्यांनी तो शब्द धरून लढा दिला, आणि 1964 मध्ये जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली. उसाची छोटी आगगाडी 1983 पर्यंत धावत होती. आज तेथे तोडणी यंत्राने होते. पाऊस पडून जमीन ओली झाली की यंत्र फडात शिरत नाही आणि कारखाना खोळंबतो. उसाची घाई कमी झालेली नाही.

बदल झाला तो हिशोबात. 1994 च्या हंगामापासून ओकिनावात उसाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही. प्रत्येकाच्या उसाचा नमुना काढून त्यातील साखर मोजतात. 13.1 ते 14.3 अंश हा मधला पट्टा. त्याच्या वर गेलात तर भाव वाढतो, खाली आलात तर उतरतो. त्यामुळे कोणते शेत आधी तोडायचे, शेंडा किती खाली छाटायचा, पाचट किती काढायचे, याचा विचार शेतकरी स्वतःच्या फायद्यासाठी करतो. बुडखा उंच राहिला तर नुकसान त्याचेच, फटके मारायला कोणी येत नाही.

तोडणीला माणसे लागत तेव्हा ओकिनावाची कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या फडात जात. तेथे याला ‘युइमारू’ म्हणतात. आज तुझा ऊस, उद्या माझा. पैशाची देवघेव नाही. कोकणातून आलेल्या आपल्या आजोळच्या माणसांकडे यासाठी ‘सावड’ हा शब्द होता, आणि घाटावरची मंडळी ‘इर्जिक’ म्हणत. जहाजावर चढताना त्यांनी तो शब्द बरोबर आणला असणारच. गोऱ्याच्या कोठीवर त्याला जागा नव्हती. पुढे मळ्यांचे तुकडे पाडून विकले जाऊ लागले आणि आपल्या लोकांनी पै-पै साठवून दोन-चार बिघे घेतले, तेव्हा तो पुन्हा उपयोगी पडला.

माझे आजोबा तोडणीच्या आदल्या संध्याकाळी बांधावर जात. एक ऊस बुडातून तोडून खालचे पेर चावत, मग मधले, मग शेंड्याजवळचे. तिन्हींची गोडी जवळजवळ सारखी लागली की म्हणत, “उद्या.” नाही लागली तर काही न बोलता कोयता खांद्याला लावून घरी येत. आता आमच्या गावात ऊस लावणारी घरे थोडी उरली आहेत. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी या हंगामात मुलांना एकदा तरी बांधावर न्यावे.