माहिती आयोग आणि मराठवाड्याचं दप्तर

निजामाच्या काळातलं महसुली दप्तर उर्दूत आणि मोडीत. 1948 ला ती राजवट संपली, पण नांदेड-लातूरकडच्या माणसाची अभिलेख कक्षातली ये-जा थांबली नाही. सातबाऱ्याचा वाद निघाला की खासरा पत्रकासारख्या जुन्या जमीन-नोंदींपर्यंत मागं जावंच लागतं.

असे कागद हक्काने मागायची सोय मात्र उशिरा आली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 मध्ये राज्याने स्वतःचा माहिती अधिकार आणला. तेव्हा शेवटचं अपील लोकायुक्तांकडे जायचं. 12 ऑक्टोबर 2005 ला केंद्राचा कायदा लागू झाला आणि स्वतंत्र राज्य माहिती आयोग उभा राहिला. सुरेश जोशी पहिले मुख्य माहिती आयुक्त. पुढे मराठवाड्यासाठी औरंगाबादला खंडपीठ आलं, ही मोठीच सोय झाली.

तरीही किनवटच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तो तहसीलला दिला. तीस दिवस गेले. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे. तिथंही दाद लागली नाही तर दुसरं अपील आयोगाकडे, म्हणजे आधी नांदेड गाठायचं आणि तिथून पुढे खंडपीठापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. लातूरकरालाही साधारण तेवढंच. एका नकलेसाठी मजुरी बुडवून कोण जाणार? 9 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व आयोगांना दूरदृश्य सुनावणीची सोय करायला सांगितलं, ते अशा माणसासाठी फार मोलाचं.

पण सुनावणी घ्यायला आयुक्त तर हवेत! त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयापुढे महाराष्ट्राचं चित्र आलं: मुख्य आयुक्त नाहीत, चारच आयुक्त कामावर, आणि 1 लाख 15 हजारांवर अपिलं-तक्रारी पडून. माहिती वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25 हजार दंडाचं कलम कायद्यात आहे. प्रकरण वर्षानुवर्षं बोर्डावरच येत नसेल तर त्याचा धाक कुणाला?

त्याच 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांनी कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली हीच जुनी बासनं सोडली. उर्दू-मोडी वाचणारे जाणकार बसवले, पानं स्कॅन केली. म्हणजे मनावर घेतलं तर हे होतं. अभिलेखांची सूची करा, ते संगणकावर आणा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर 2005 पासूनच सांगतं आहे. तीच तत्परता आता फेरफार, पीकविमा आणि ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या कागदांना मिळावी, म्हणजे किनवटच्या माणसाला मुळात अपिलात जायची वेळच येणार नाही.