ग्रेस, विल्यम गिल्बर्ट

(१८ जुलै १८४८–२३ ऑक्टोबर १९१५). सुप्रसिद्ध इंग्लिश क्रिकेटपटू व व्यवसायाने डॉक्टर. जन्म ब्रिस्टलजवळील डाउनएंड येथे. त्याचे वडील हेन्री मिल्स ग्रेस हेही डॉक्टर होते. वडील, मामा व भाऊ यांच्यासमवेत घरच्या आवारातच त्याने क्रिकेटचे पहिले धडे घेतले. १८६५ मध्ये तो प्रथम श्रेणीचे सामने खेळू लागला. १८६८ मध्ये त्याने ब्रिस्टल येथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. तथापि उन्हाळ्याचे महिने खेळात जात असल्याने वैद्यकीय अर्हता मिळविण्यास त्याला १८७९ पर्यंत अवधी लागला. त्यानंतर त्याने ब्रिस्टलमधील कामगार वस्तीत अनेक वर्षे वैद्यकी केली. १८८७ मध्ये मँचेस्टर येथील सामन्यात कुंपणावर आपटून क्रूम या सहकाऱ्याचा गळा चिरला असता, टाके घालण्याची सोय होईपर्यंत ग्रेसने ती जखम हाताने दाबून धरली.

खडबडीत खेळपट्ट्यांच्या त्या काळात पुढे सरसावून व मागे सरून खेळण्याच्या दोन्ही पद्धतींवर त्याने सारखेच प्रभुत्व मिळविले. १८७१ मध्ये त्याने २,७३९ धावा काढल्या. १८७६ मध्ये कँटरबरी येथे ३४४ धावा काढून त्याने प्रथम श्रेणीतील पहिले त्रिशतक नोंदविले. १८८० मध्ये ओव्हल येथे, इंग्लंडच्या भूमीवरील पहिल्याच कसोटी सामन्यात, त्याने १५२ धावा केल्या. १८९५ मध्ये त्याने शंभरावे शतक पूर्ण केले. रणजितसिंह १८९६ मध्ये आपला पहिला कसोटी सामना त्याच्याच नेतृत्वाखाली खेळले. ग्रेसचा अखेरचा कसोटी सामना १८९९ मध्ये झाला.

तत्कालीन इंग्लंडमध्ये ‘सद्गृहस्थ’ म्हणविणारे हौशी खेळाडू आणि वेतन घेणारे धंदेवाईक खेळाडू असा काटेकोर भेद पाळला जाई. ग्रेसची गणना हौशी खेळाडूंत होई. परंतु १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याला खर्चाशिवाय १,५०० पौंड मिळाले, तर धंदेवाईकांना प्रत्येकी १७० पौंड. तो खेळावयास जाई तेव्हा दवाखाना सांभाळणाऱ्या बदली डॉक्टरचा खर्च ग्लॉस्टरशर क्लबकडून दिला जाई. १८९५ मध्ये त्याच्या गौरवार्थ जमलेला निधी ९,००० पौंडांहून अधिक होता. १८९६ मध्ये ओव्हल येथील कसोटी सामन्यासाठी पाच धंदेवाईक खेळाडूंनी १० ऐवजी २० पौंडांची मागणी केली, तेव्हा वृत्तपत्रांत ग्रेसच्या खर्चभत्त्याची चर्चा झाली. त्यावर ओव्हल येथे त्याला प्रत्येक सामन्यास खर्चापोटी १० पौंडच दिले जातात, असा खुलासा सरे क्लबने केला. धंदेवाईकाचे मानधनही तेवढेच होते. दर्जा मात्र भिन्न होता. प्रेक्षक मुख्यत्वे ग्रेसचा खेळ पाहण्यास गर्दी करीत व त्या उत्पन्नावर धंदेवाईकांचाही चरितार्थ चाले, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू होय. हा भेद इंग्लंडमध्ये १९६२ अखेर रद्द करण्यात आला.

ग्रेस १९०८ पर्यंत प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला. त्यात त्याने ५४,००० हून अधिक धावा काढल्या व २,८०० हून अधिक बळी मिळविले. केंटमधील मॉटिंगहॅम येथे तो निधन पावला.